आठव्या ठोक्याला थांबणारी अलमेलू

अलमेलूला पहिला संशय खुर्चीमुळे आला.

रोज सकाळी आठला ती जिना चढून वरच्या खोलीत जायची आणि खुर्ची चार बोटं खाली केलेली असायची. रोज म्हणजे रोज! ती दांडी ओढून खुर्ची वर घ्यायची, बसायची, दुपारी एकला उठून घरी जायची, आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची परत खाली. त्यात हेडफोन खुंटीला उलटा टांगलेला, आणि टेबलाला वेलदोड्याचा वास. वेलदोडा! इथे बसून वेलदोडा कोण चघळतं?

"गिरिधर, दुपारी कोण येतं रे?"

गिरिधरचं खाली पितळी समयांचं दुकान, आणि वरच्या दोन खोल्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे. तो तमिळमधे म्हणायचा, "अम्मा, ते सांगायचं नाही असं नंदितामॅडमनी बजावलंय."

"बाई का पुरुष, तेवढं तरी सांग."

"अम्मा, खोल्या काढून घेतील माझ्याकडून."

म्हणजे बाईच, असं अलमेलू मनात म्हणाली. आणि लगेच वाटलं, बाईच कशावरून? पुरुष असता तरी हा हेच म्हणाला असता. लबाड आहे नुसता.

अलमेलू अशीच होती. सव्वीस वर्षं तिनं रेशमी साड्या तपासल्या. विणकरानं साडी आणून टाकली की ती खिडकीच्या उजेडात धरायची आणि तुटलेला धागा असा पटकन पकडायची की विणकर घरून निघतानाच म्हणायचे, आज मराठी अम्मा नसू दे रे देवा. ती सवय हाडात गेली. केळीचं पान घेताना उलटं करून बघायची, शेजारणीनं सांबार पाठवलं तर कशाला पाठवलं हा विचार आधी आणि चव नंतर. तिचा नवरा हरिकृष्ण म्हणायचा, "देवानें हिला डोळे दोन दिले, संशय मात्र चार."

साड्यांचं काम सुटलं तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती आणि घरात बसून नवऱ्याच्या चपलांवर संशय घेत होती. तेवढ्यात ही नंदिता आली. रत्नागिरीची पोरगी, समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करणारी, तिशीच्या आतली, सारखी केस बांधत बोलणारी. मन्नारच्या आखातात तीस फूट खोल वाळूवर तिच्या संस्थेनं लोखंडी चौकटीला कॅमेरा बांधून सोडला होता. त्यात शंखातल्या खेकड्यांचं सगळं वागणं दिवसभर टिपलं जायचं. ते चित्रण बघून मिनिटामिनिटाची नोंद करायला तिला माणसं हवी होती. कुंभकोणमात का, तर खोल्या मिळाल्या म्हणून. आणि तिला तमिळ वाचता येत नव्हतं, म्हणून शेरे मराठीत लिहिणारी माणसं हवी होती.

आता कुंभकोणमात मराठी बोलणारी घरं पुष्कळ, जुन्या मराठी राजवटीपासूनची, पण देवनागरी लिहिणारी माणसं? बोटावर मोजायची. अलमेलूला येत होतं, कारण तिच्या अप्पांनी, तुकोजीरावांनी, लहानपणी पाटीवर गिरवून घेतलं होतं. तिनं परीक्षेत वाळूतला एक दगड खेकडा आहे हे ओळखलं. बाकीच्यांनी दगडच लिहिलं होतं!

"अम्मा, तुम्ही आजपासून पहिल्या निरीक्षक," नंदिता म्हणाली.

ते दोन शब्द! हरिकृष्ण बँकेत कारकून म्हणून निवृत्त झाला, त्याला कुणी कधी पहिला काहीही म्हटलं नव्हतं. अलमेलू त्या दिवशी घरी चालत नव्हती, तरंगत होती.

काम असं. एक तक्ता, त्यात सात रकाने. चालला. खाल्लं. आत शिरून बसला. दुसऱ्याचा शंख तपासला. ठोकला. अदलाबदल. हार मानली. या खेकड्याचं पोट मऊ, उघडं, म्हणून तो मेलेल्या गोगलगायीच्या शंखात राहतो, आणि वाढला की मोठा शंख शोधतो. रिकामा मिळाला तर ठीक, नाहीतर दुसऱ्याच्या शंखाला धरून आपला शंख त्यावर आपटत राहायचं, टक टक टक, आतला कंटाळून बाहेर येईपर्यंत. म्हणे याला संन्यासी खेकडा म्हणतात.

"कसला संन्यासी!" अलमेलू पहिल्याच आठवड्यात म्हणाली. "अस्की वेळ, चोवीस तास, दुसऱ्याच्या घरावर डोळा. असला संन्यासी आमच्या गल्लीतही येक आहे."

पण जीव लागला तिचा. समुद्र तिनं आयुष्यात दोनदा बघितला होता, पूंपुहारला, तोही पाय भिजवण्यापुरता. आणि आता रोज पाच तास ती समुद्राच्या तळाशी. पिवळट उजेड, हलणारं गवत, वाळूवर नखांच्या रेघा. मोडक्या टोकाच्या शंखातला एक होता, त्याला ती मोडका म्हणायची. तो दिवसातून तीन वेळा शेजाऱ्याचा शंख चाचपून परत जायचा, जसा काही सहज आला होता. अलमेलू पडद्याला म्हणायची, "मला कळतें रे तुझें मन."

ठोक्यांचं मोजणं सगळ्यात अवघड. ठोके एका दमात पडतात, मग खेकडा थांबतो, मग दुसरा दम. कोणत्या दमात किती, हे लिहायचं. आवाज हेडफोनमधे एकदम बारीक. अलमेलू उजव्या हातात पेन्सिल धरायची, डावा हात गुडघ्यावर, आणि मोजत जायची.

आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे तेच चित्रण दुपारी दुसरा निरीक्षक बघणार. दोघांनी भेटायचं नाही, बोलायचं नाही, एकमेकांचे तक्ते बघायचे नाहीत. पहिल्याची हिरवी फाईल, दुसऱ्याची निळी, दोन्ही कपाटात कुलूपबंद.

"दोन माणसांनी वेगवेगळं बघून तेच सांगितलं, तरच ते घडलं असं आम्ही धरतो," नंदितानं समजावलं होतं.

अलमेलूला हे फार पटलं होतं. एका माणसावर विश्वास ठेवायचाच नाही, हे तर ती जन्मभर सांगत होती!

आठ महिने झाले. चाळीस चित्रणं संपली. आणि एका मंगळवारी नंदिता न कळवता आली, लॅपटॉप उघडला, आणि केससुद्धा न बांधता म्हणाली, "अम्मा, एक विचारू? तुम्ही दुसऱ्या निरीक्षकाला ओळखता?"

"नाहीं. कां?"

"तुमच्या दोघांच्या नोंदी जुळवून बघितल्या. चालणं, खाणं यात शंभरातल्या पंच्याऐंशी जुळतात. चांगलं आहे, इतकंच जुळतं. पण ठोक्यांत..." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "ठोक्यांत अठ्ठ्याण्णव जुळतात. इतकं कुणाचंच जुळत नाही, अम्मा. सगळ्यात अवघड भागात तर नाहीच."

अलमेलूला आधी आनंदच झाला. मग नंदिताचं तोंड बघून तो विझला.

"आमच्या प्रमुखांचं म्हणणं आहे की कुणीतरी कुणाचं तरी उतरवतंय. शुक्रवारी मी दोघांना समोर बसवून चाचणी घेणार. नक्कल निघाली तर दोन्ही फायली बाद. आठ महिने सगळे. आणि अहवालात लिहावं लागेल की निरीक्षक भरवशाचे नव्हते."

भरवशाचे नव्हते! सव्वीस वर्षं जिनं दुसऱ्यांचे तुटके धागे पकडले, तिच्या नावापुढे हे लिहिणार?

ती घरी आली ती धुमसतच. हरिकृष्ण पेल्यातून डवऱ्याच्या पसरट वाटीत कॉफी वरखाली करत होता.

"चोर आहे तो दुपारचा," ती म्हणाली. "माझें बघून लिहितो. गिरिधर कपाट उघडून देतो त्याला."

"कोण तो?"

"साईकुमार असेल. फोटो स्टुडिओवाला. त्याला मराठी लिहितां येतें."

"साईकुमारला चष्म्याशिवाय भिंत दिसत नाहीं, त्याला खेकडा काय दिसणार? कॉफी घे."

"मग तूं कां त्याची बाजू घेतोस?"

हरिकृष्णनं तोंड मिटलं. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती, कुठे मिटायचं ते त्याला ठाऊक होतं.

तरी तिनं साईकुमारचा माग काढला. बुधवारी सकाळी आठच्या आधी त्याच्या स्टुडिओवरून गेली. तो लग्नाच्या एका जोडप्याला हसा हसा म्हणत होता. "दुपारीं कोठें असतोस रे?" तिनं रस्त्यातूनच विचारलं. "झोंपतों, अत्या," तो म्हणाला. खरं बोलत होता, गालावर उशीच्या शिवणीचा वण होता, रोजचा, कायमचा पडल्यासारखा.

मग तिला ती युक्ती सुचली. साड्यांच्या दिवसांतली. एखादा विणकर दुसऱ्याची नक्षी उतरवतो असा संशय आला की ती नमुन्यात मुद्दाम एक चुकीचं फूल घालायला लावायची. ते चुकीचं फूल ज्याच्या साडीत उगवलं, तो चोर. सरळ हिशोब!

बुधवारी चित्रण क्रमांक एक्केचाळीस होतं. साडेबाराव्या मिनिटाला कुठूनतरी लाट आली, वाळू उठली, अर्धा मिनिट सगळं गढूळ. वाळू बसली तेव्हा मोडका आपल्या जागी आणि शेजारी आपल्या जागी. काहीच झालं नव्हतं. अलमेलूनं पेन्सिल ठेवली, शाईचं पेन घेतलं, आणि साडेबारा मिनिटांपुढे सहाव्या रकान्यात फुली मारली. अदलाबदल.

आठ महिन्यांत तिनं एकही खोटी फुली मारली नव्हती. अदलाबदल तर त्या जागेवर एकदाही दिसली नव्हती. पण एकाच दिवसाचा प्रश्न, चोर सापडला की सांगून टाकू, असं तिनं मनाला बजावलं.

गुरुवारी दहाला गिरिधर कॉफीची पूड आणायला गेला. कपाटाची किल्ली कॅलेंडरमागे असते हे तिला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. माहीत नसेल तर ती अलमेलू कसली! तिनं कपाट उघडलं, निळी फाईल काढली. चोर पकडायला आपण काय करतोय हे तिच्या ध्यानातच आलं नाही, किंवा आलं आणि तिनं ते बाजूला सारलं.

चित्रण एक्केचाळीस. साडेबारावं मिनिट. सहावा रकाना.

रिकामा.

शेऱ्यात लिहिलं होतं, "पाणी गढूळ. नंतर दोघेही आपल्या ठिकाणीं. कांहीं घडलें नाहीं."

म्हणजे हा माणूस उतरवत नव्हता. स्वतः बघून, खरं तेच लिहीत होता. आणि तेवढ्यात अलमेलूची नजर त्या "लें" वर गेली. ल असा लिहिलेला, मागची गाठ मोठी, शेपटी खाली ओढून डावीकडे वळवलेली. असा ल अप्पा लिहायचे. अलमेलू स्वतः लिहायची. आणि साऱ्या पंचक्रोशीत तिसरं एकच माणूस असा ल लिहीत होतं.

जयश्री! तिची धाकटी बहीण. इथून बसनं वीस मिनिटांवर, साक्कोट्टैला राहणारी. नऊ वर्षांत एक शब्द बोलली नव्हती.

झालं असं होतं. अप्पा भजनाचे मोठे. एकादशीला त्यांच्या घरी बारा-पंधरा माणसं जमायची आणि अप्पा टाळ धरायचे, काशाचे, जुने, त्यांच्या आजोबांचे. दोन्ही पोरींना त्यांनी मांडीशी बसवून ताल शिकवला होता. आठ ठोके, आठव्याला टाळ मिटायचा, श्वास घ्यायचा, मग पुढचे आठ. चुकलं की गुडघ्यावर टिचकी. अप्पा गेले, तेराव्याला टाळ सापडेनात, आणि अलमेलूनं, थोरलीनं, चाळीस माणसांसमोर जयश्रीला म्हटलं होतं, "तुझी पिशवी उघड." जयश्रीनं पिशवी उलटी केली. एक लुगडं, कंगवा, वेलदोड्याची डबी. टाळ नव्हते. जयश्री पिशवी भरून निघून गेली ती गेलीच.

दोन महिन्यांनी टाळ सापडले. बाजाच्या पेटीच्या खोळीत, तळाशी. अलमेलूनं स्वतःच्या हातानं ते तिथे ठेवले होते, चोरीला जाऊ नयेत म्हणून! आणि हे तिनं कुणाला सांगितलं नाही. हरिकृष्णलाही नाही. एकादशीला दार लावून हळूच वाजवायची आणि परत ठेवायची.

फाईल कपाटात गेली. किल्ली कॅलेंडरमागे गेली. आणि अलमेलूच्या डोक्यात, आता काय सांगू, लाज यायच्या आधी संशयच आला! ही इथे कशाला आली? मला पाडायला? मी इथे आहे हे कळल्यावर मुद्दाम? गिरिधरला तिनंच फितवलं असेल. रात्रभर... नाही, रात्री ती चक्क झोपली, पण दात खात झोपली असं हरिकृष्णनं सकाळी सांगितलं.

शुक्रवारी साडेनऊला जयश्री जिना चढून आली. बुटकी, जाडसर झालेली, केस पांढरे. दारात अलमेलूला बघून थबकली.

"तूं काय!" ती म्हणाली. "रोज खुर्ची वर करून ठेवणारी तूंच! माझे पाय लोंबकळतात, माहीत आहे?"

"तुला ठाऊक नव्हतें म्हणतेस?"

"मला कसें ठाऊक असणार? मीं काय कॅलेंडरमागें हात घालतें?"

हिला कसं कळलं? मग अलमेलूच्या लक्षात आलं, किल्ली तिथे असते हे दोघींनाही माहीत होतं. हात घातला तो एकीनं.

नंदिता एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. "तुम्ही ओळखता एकमेकींना?"

"अक्का आहे माझी," जयश्री म्हणाली.

"धाकटी," अलमेलू म्हणाली.

नंदितानं डोक्याला हात लावला. "सख्ख्या बहिणी! आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"कोणी विचारलें?" दोघी एकदम म्हणाल्या, आणि मग दोघींनाही राग आला की एकदम का म्हणालो.

चाचणी झाली. नंदितानं दोघींना पाठीला पाठ लावून बसवलं, दोघींना हेडफोन, आणि कुणीच न बघितलेलं नवं चित्रण दोन पडद्यांवर लावलं. मधे गिरिधरला उभं केलं, कुणी मान वळवली तर ओरड म्हणून. तो बिचारा समईसारखा ताठ उभा राहिला. एक मोठा खेकडा एका लहानग्याच्या शंखाला भिडला आणि ठोकायला लागला. दोघींच्या पेन्सिली चालू. चार मिनिटांनी नंदितानं कागद घेतले.

अलमेलूचे आठ, आठ, आठ.

जयश्रीचे आठ, आठ, आठ.

"बघा!" अलमेलू म्हणाली. "मान वळवली नाहीं, कांहीं नाहीं. आतां कोणी उतरवलें?"

नंदितानं चित्रण मागे नेलं, मोबाईलवर घड्याळ लावलं, आणि आवाज खोलीत मोठा केला. टक टक टक. अकरा ठोके. मग दोन सेकंद शांत. सात. परत शांत. सहा.

"अकरा, सात, सहा," ती म्हणाली. "एकूण चोवीस, ते तुमचं दोघींचं बरोबर आहे. पण तुकडे? खेकडा आठव्याला थांबलाच नाही. तुम्ही थांबलात. परत लावते, हात बघा तुमचे."

दोघींना शेजारी बसवून परत लावलं. अलमेलूनं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. गुडघ्यावर तो उघडत मिटत होता, आठव्याला घट्ट मिटायचा, हाताची वाटी व्हायची, जसा काही आत टाळ आहे. शेजारी जयश्रीचा हात. तसाच. त्याच ठोक्याला. दोघींनी एकदम श्वास घेतला.

"अप्पा," जयश्री हळूच म्हणाली.

दाराकडे सरकलेला गिरिधर म्हणाला, "मॅडम, हे तर भजनाचं आहे. आमच्या विठोबाच्या देवळात असंच वाजवतात."

नंदिता मटकन बसली आणि हसायला लागली, मग हसता हसता तिचा चेहरा पडला. "म्हणजे नक्कल नाही. पण तुम्ही दोघी दोन नाही आहात. एकाच माणसानं शिकवलेले चार कान. दोघींनी मिळून एकच चूक केलीत, ती मला खरी वाटत राहिली असती." तिनं दोन्ही कागद एकावर एक ठेवले. "ठीक आहे. सगळे ठोके घड्याळ लावून परत मोजायचे. बाकीच्या नोंदी वाचतील. फायली बाद होणार नाहीत."

अलमेलूला वाटलं रडू येईल. सुटलो!

आणि तेव्हाच नंदितानं एक्केचाळिसावा तक्ता उघडला. "आणि हो! गडबडीत हे राहिलंच. अम्मा, तुम्ही बुधवारी अदलाबदल पकडलीत! या जागेवरची पहिली!" तिचे डोळे चमकत होते. "जयश्रीअम्मा, तुमच्या शेऱ्यात तिथे काहीच घडलं नाही असं आहे. सुटलं का?"

जयश्री गोंधळली. "तेथें? तेथें गढूळ होतें. मला कांहीं दिसलें नाहीं."

"चित्रणात मलाही स्पष्ट दिसत नाहीये. पण पहिल्या निरीक्षकांनी न घडलेल्या गोष्टीला आजवर फुली मारलेली नाही. नियमानं दोघींचं जुळायला हवं, तरी तूर्त मी त्यांचंच धरते. तुमच्याकडून मात्र... इतकी महत्त्वाची गोष्ट सुटली, ते लिहावं लागेल."

जयश्रीनं पदर बोटाला गुंडाळला. "असेल," ती म्हणाली. "दुपारची वेळ. डोळा लागला असेल माझा."

डोळा लागला नव्हता. अलमेलूनं तो शेरा वाचला होता. पाणी गढूळ, नंतर दोघेही आपल्या ठिकाणीं. जागा होता तो डोळा, टक्क जागा होता. आणि त्याच डोळ्यानं जयश्री आता जमिनीकडे बघत होती, जशी त्या तेराव्याला रिकाम्या पिशवीकडे बघत होती. सगळ्यांसमोर. परत. आणि परत अलमेलूमुळेच!

गप्प राहायचं फक्त. एवढंच करायचं होतं. पहिली निरीक्षक, पहिली अदलाबदल, अहवालात.

"नाहीं झाली," अलमेलू म्हणाली.

"काय?"

"अदलाबदल. झालीच नाहीं. मीं लिहिलें. खोटें. चोर पकडायला लिहिलें. मग काल कपाट उघडून तिची फाईल बघितली. तिचें बरोबर आहे."

गिरिधर पटकन जिना उतरून गेला. किल्लीचा प्रश्न आता त्याच्याकडे येणार हे त्याला कळलं होतं.

नंदितानं हिरवी फाईल मिटली. रागावली नाही, ते जास्त वाईट होतं. "अम्मा, एक खोटी फुली म्हणजे फक्त एक नसते. आता आधीच्या चाळीसांत दुसरी नाही, असं मी कुणाला कसं सांगू?"

"नाहीं आहे."

"माझा विश्वास आहे. पण इथे विश्वासावर चालत नाही, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त कळतं."

कळत होतं. तिच्याकडे एखादा विणकर असा आला असता तर तिनं त्याची एकूण एक साडी बाजूला काढली असती. हिरवी फाईल बाद झाली. निळी राहिली. आठ महिने, चाळीस चित्रणं, मोडका, त्याचं तीन वेळा चाचपून परत जाणं, सगळं तिच्या अक्षरातलं गेलं. अलमेलू उठली. उठताना सवयीनं खुर्चीच्या दांडीला हात गेला, तिनं खुर्ची चार बोटं खाली केली आणि निघाली.

जिन्यात जयश्री मागून आली. "अक्का."

अलमेलू थांबली. वळली नाही. "टाळ सांपडले होते," ती भिंतीला म्हणाली. "तेव्हांच. पेटीच्या खोळींत. मींच ठेवले होते."

"ठाऊक आहे."

आता मात्र ती वळली. "कसें ठाऊक?"

"चार वर्षांमागें एकादशीला तुझ्या गल्लींतून जात होतें. दार लावून वाजवत होतीस. अप्पांच्या टाळांचा आवाज मला कळणार नाहीं काय?"

"मग बोलली कां नाहींस?"

"तूं बोलशील म्हणून थांबलें," जयश्री म्हणाली, आणि तिला ओलांडून खाली उतरून साक्कोट्टैच्या बससाठी गेली.

तीन आठवडे काही नाही. अलमेलू घरी परत नवऱ्याच्या चपलांवर आली. नंदिताला अलमेलूच्या जागी नवा निरीक्षक मिळाला, साईकुमार, नवा चष्मा लावून. त्याला टाळ येत नव्हता हीच त्याची लायकी.

मग एकादशीच्या संध्याकाळी दार वाजलं. जयश्री. चप्पल काढली, सरळ आत आली, आणि खांद्यावरची पिशवी अलमेलूच्या पुढ्यात जमिनीवर उलटी केली. पाकीट, कंगवा, वेलदोड्याची डबी.

"बघ नीट. चोरखिसाही बघ. आतां भरायला दे."

हरिकृष्ण उठून स्वयंपाकघरात गेला आणि तिथेच उभा राहिला. अलमेलूनं टाळ आणले. जयश्रीनं ते पिशवीत घातले नाहीत, मांडीवर ठेवले आणि एकदा वाजवून बघितले. मग डबी उघडून वेलदोडा पुढे केला.

"परवां झाली," ती म्हणाली.

"काय?"

"अदलाबदल. मोडक्याची! शेजारचा बाहेर आला, हा उघडा, येवढेंसें गुलाबी पोट, अर्धा निमिष दोघेही उघडे. मग हा तिकडे, तो हिकडे. मला रडूं आलें, अक्का."

अलमेलूनं डोळे बारीक केले. "खरें सांगतेस, कां मला डिवचायला?"

"खोटें लिहायला मीं काय तूं आहे?"

हे लागलं. लागलं तरी अलमेलू जागची हलली नाही. वेलदोडा तोंडात टाकला, जरा वेळ चघळला.

"किती ठोके?"

"एकोणीस. घड्याळ लावून मोजले."

"म्हणजे आठ, आठ, तीन."

"अकरा आणि आठ, अक्का."

"घड्याळ तुझें पुढें असेल," अलमेलू म्हणाली, आणि उठून बहिणीचा हात धरून ते मनगटावरचं घड्याळ दिव्याच्या उजेडात नेलं.